किती ओळी येतील?

साखर कारखान्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळण्यात माझी २२ वर्षं गेली. ऊसनोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरची वजनं, तोडणी-वाहतूकदारांच्या उचली, पंधरवड्याची बिलं, हे सगळं शेवटी डेटाबेसच्या टेबलांत येऊन बसतं. एखादा रिपोर्ट अडकला की फोन मला येतो. त्या फोनांनीच मला संशोधनाचे पेपर वाचायला लावलं. क्वेरी पुस्तकात सांगितल्यासारख्या वागत नव्हत्या, आणि त्या तशा का वागत नाहीत हे कुणीतरी, कुठेतरी शोधून ठेवलं असणार अशी माझी खात्री होती. ते शोधून ठेवलेलं होतंच. त्यातली बहुतेक उत्तरं एकाच प्रश्नापाशी येऊन थांबायची: किती ओळी येतील?

१. नवा हंगाम आकडेवारीला माहीत नसतो

नोव्हेंबर महिना. गाळप सुरू होऊन १५ दिवस झालेले. पहिल्या पंधरवड्याचं बिल काढायचं होतं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळावेत, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे, आणि गावाला तो आदेशाच्या नावासकट पाठ असतो. मार्चमध्ये मिनिटभरात निघणारा रिपोर्ट त्या रात्री संपेना. हेड अकाउंटंट माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "मॅडम, सकाळी बँकेत यादी गेली पाहिजे. लोकांनी खताची उधारी ह्याच बिलावर ठेवलीय," एवढंच ते दोनदा म्हणाले.

मी सर्व्हरला दोष दिला. मेमरी कमी पडतेय म्हणून सांगितलं. कारखान्यानं दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून मेमरी आणवली, बसवली. काडीचा फरक पडला नाही. तिसऱ्या रात्री मी क्वेरीचा प्लॅन उघडून ओळ न ओळ वाचला, तेव्हा कारण सापडलं.

एस्क्यूएलमध्ये आपण काय हवं तेवढंच सांगतो. ते कोणत्या क्रमानं आणि कोणत्या रीतीनं आणायचं, म्हणजेच क्वेरीचा प्लॅन, हे डेटाबेसमधला ऑप्टिमायझर ठरवतो. त्याआधी तो अंदाज बांधतो, की या अटीत बसणाऱ्या ओळी किती असतील. थोड्या असतील तर एकेक ओळ घेऊन दुसऱ्या टेबलात तिची जोडी शोधणं परवडतं. याला नेस्टेड लूप म्हणतात. पुष्कळ असतील तर एका टेबलाचं हॅश टेबल बांधून दुसरं टेबल त्यावरून एकदाच फिरवणं स्वस्त पडतं. हा अंदाज साठवलेल्या आकडेवारीवरून बांधला जातो. आमच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमधली आकडेवारी गाळपाआधीची होती. तिच्यात मागचे १२ हंगाम होते आणि त्या बारांचीच बेरीज शंभर टक्के भरत होती. तेराव्या हंगामासाठी अंदाज आला एक ओळ. प्रत्यक्षात काट्याच्या पावत्या वीस हजारांवर होत्या. एका ओळीच्या भरवशावर निवडलेला नेस्टेड लूप वीस हजार वेळा ऊसनोंदीचं अख्खं टेबल धुंडाळत बसला होता.

पोस्टग्रेस आकडेवारी आपणहून ताजी करतो, पण टेबलात सुमारे १० टक्के बदल झाल्यावर. आत सारखे १२ हंगाम असतील तर नवा हंगाम पट्टा पडेपर्यंत पूर्ण चालला तरी भर आठ टक्क्यांच्या आसपासच पडते. म्हणजे ती वेळ येतच नाही. आकडेवारी ताजी करणारा अ‍ॅनालाइज हा एक आदेश मी हातानं दिला आणि बिल पन्नास सेकंदांत निघालं. मेमरीवर गेलेले पैसे सभासदांचे होते, ही बोच मला अजून आहे. तेव्हापासून मोळी पडली की पहिला महिनाभर रोज रात्री अ‍ॅनालाइज चालतं, आणि त्या टेबलापुरती दहा टक्क्यांची मर्यादा मी एक टक्क्यावर आणून ठेवली आहे.

२. प्लॅन खालून वाचावा

नवीन मुलं प्लॅन वरून वाचतात आणि सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या पायरीवर बोट ठेवतात. ती पायरी बहुधा निर्दोष असते. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज चालवलं की प्रत्येक पायरीपुढे दोन आकडे येतात, अंदाजानं किती ओळी आणि खऱ्या किती. तळापासून वर चढायचं आणि हे दोन आकडे जिथे पहिल्यांदा फुटतात तिथे थांबायचं. बिघाड तिथे असतो. वरचं सगळं त्याचे परिणाम. एक खुबी लक्षात ठेवावी: पोस्टग्रेस खऱ्या ओळींचा आकडा दर फेरीमागे सरासरी काढून दाखवतो. फेऱ्या वीस हजार असतील तर गुणाकार आपला आपण करायचा. हा गुणाकार राहून गेल्यामुळे चुकीच्या जागी दिवस-दिवस खोदकाम केलेले लोक मी पाहिले आहेत.

३. कराड साताऱ्यातच आहे, हे ऑप्टिमायझरला ठाऊक नसतं

ऑप्टिमायझरची मूळ कल्पना १९७९ ची. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा डेटाबेस घडत होता. तिथे पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक शक्य मार्गाचा खर्च आधी कागदावर मांडून सर्वांत स्वस्त मार्ग निवडण्याची पद्धत बसवली. तो पेपर आजही सहज वाचता येतो, इतका तो सरळ लिहिलेला आहे. काहीच माहिती नसेल तर समानतेच्या अटीसाठी एक दशांश ओळी धराव्यात, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. आणि दोन अटी 'आणि'नं जोडल्या असतील तर दोघींचे अंश गुणावेत, असंही. म्हणजे दोन अटींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं गृहीत धरायचं.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके. एक कोटी ओळींचं टेबल आहे आणि ओळी सगळीकडे सारख्या विभागलेल्या आहेत असं समजू. जिल्हा सातारा आणि तालुका कराड अशी अट दिली, तर गुणाकारानं अंदाज निघतो सुमारे ७७६ ओळींचा. खऱ्या ओळी असतात सुमारे २७,९००. कराड तालुका सातारा जिल्ह्यातच असल्यामुळे जिल्ह्याच्या अटीनं काहीच गाळलं जात नाही, पण हिशेबात मात्र ती ३६ नं भागून जाते. पिनकोड, गाव, गट, सर्कल, शाखा, आयएफएससी: आपले कारभाराचे सगळे तक्ते अशा एकात एक बसलेल्या रकान्यांनी भरलेले असतात.

पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, 'हे दोन रकाने एकमेकांवर अवलंबून आहेत' असं डेटाबेसला सांगून ठेवता येतं. मी ते प्रत्येक कारखान्यात केलं आणि निम्मे फोन कमी झाले. पण ही सोय एकाच टेबलातल्या रकान्यांपुरती आहे. एक रकाना सभासदांच्या टेबलात आणि दुसरा ऊसनोंदीत असला की पुन्हा गुणाकार आला.

४. माझ्या शंकेला २०१५ मध्ये पुरावा मिळाला

कितीतरी वर्षं मला वाटायचं की अंदाज चुकतात ते माझ्या टेबलरचनेमुळे. मग एक पेपर वाचनात आला: 'हाउ गुड आर क्वेरी ऑप्टिमायझर्स, रिअली?'. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले व्हिक्टर लाइस, अल्फॉन्स केंपर, थॉमस नॉयमन आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतले पीटर बॉन्ट्स ही त्यातली काही नावं. मी तो पेपर एसटीच्या प्रवासात छापील प्रतीवर पेन्सिल घेऊन वाचला आणि इस्लामपूर आल्याचं मला कळलं नाही.

त्यांनी कृत्रिम डेटा बाजूला ठेवला आणि चित्रपटांच्या आयएमडीबी साठ्याची २१ टेबलं घेतली. एका नटाचे बहुतेक चित्रपट एकाच भाषेतले असतात, एका कंपनीचे एकाच देशातले. म्हणजे रकान्यांचं नातं इथे खरं होतं. त्यावर ११३ क्वेरी लिहिल्या आणि पोस्टग्रेसबरोबर बाजारातले बडे डेटाबेसही तपासले. जॉइन, म्हणजे टेबलांच्या जोडण्या, वाढत जातील तसा अंदाज सगळ्यांचाच घसरत गेला, आणि बहुतेक वेळा कमी ओळींच्या बाजूला. चूक दर जॉइनला पटीनं वाढत जाते, हे १९९१ मध्येच इओआनिडिस आणि ख्रिस्तोदुलाकिस यांनी गणितानं दाखवलं होतं. इथे ते खऱ्या डेटावर, खऱ्या यंत्रांवर दिसलं.

पुढचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. संशोधकांनी ऑप्टिमायझरला ओळींचे खरे आकडे बाहेरून पुरवले. आकडे खरे मिळाले की खर्चाचं सूत्र साधं असो की बारकाईचं, प्लॅन चांगलेच निघाले. म्हणजे डिस्कचा खर्च किती, प्रोसेसरचा किती, या सेटिंगांशी झुंजण्यात माझ्यासारख्यांनी घातलेली वर्षं चुकीच्या ठिकाणी गेली होती. दोष ओळींच्या अंदाजात होता. आणि त्यावर त्यांनी केलेला उपाय फार साधा होता. इंडेक्स नसताना नेस्टेड लूप वापरायलाच मनाई केली आणि हॅश टेबल भरताना गरजेनुसार वाढू दिलं. एवढ्यानं सर्वांत भयंकर क्वेरी ताळ्यावर आल्या. अंदाज सुधारला नव्हता. चुकीच्या अंदाजाची किंमत उतरली होती. माझ्या कामाची दिशा या एका गोष्टीनं बदलली.

५. इंडेक्स वाढवला की चुकायला जागाही वाढते

हाही त्याच पेपरातला निष्कर्ष आणि तो मला पचायला वेळ लागला. इंडेक्स मोजके असतात तेव्हा ऑप्टिमायझरपुढचे मार्ग मोजके असतात आणि बहुतेक बरे असतात. एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या रकान्यांवर (फॉरेन की) सगळीकडे इंडेक्स टाकले की फार जलद मार्ग खुले होतात आणि त्यांच्याइतकेच फार वाईटही. निवड अंदाजावर होते, म्हणून चुकलेला अंदाज आता जास्त महाग पडतो. "मॅडम, इंडेक्स टाकून बघू का?" असं कुणी विचारलं की मी आधी प्लॅनमधले दोन आकडे विचारते.

६. फंक्शनच्या आत ऑप्टिमायझरला दिसत नाही

ऊसदराचा हिशेब किचकट असतो. तोडणीचा कालावधी, अंतर, उचल, व्याज. आमच्या आधीच्या लोकांनी हे सगळं एकेका फंक्शनमध्ये सुबक बांधून ठेवलं होतं आणि बिलाच्या क्वेरीतून दर ओळीला ती फंक्शनं बोलावली जायची. वाचायला छान, चालायला जड. फंक्शन म्हणजे ऑप्टिमायझरच्या लेखी बंद डबा. आत आणखी क्वेरी असली तरी तिचा खर्च त्याच्या हिशेबात नीट धरला जात नाही.

हा डबा उघडण्याचं काम आपल्या पवईत झालं आहे, याचा मला अभिमान वाटतो. आयआयटी मुंबईत एस. सुदर्शन आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं या प्रश्नामागे होते. फंक्शनचा मजकूर बीजगणिती रूपात आणून मुख्य क्वेरीत विरघळवायचा, असा त्यांचा मार्ग. २०१४ मध्ये त्यावर पेपर आला. त्याच गटातून पीएचडी केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'फ्रॉइड' नावानं ही कल्पना उभी केली आणि २०१९ च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती ग्राहकांच्या हाती पडली. माझ्याकडे पोस्टग्रेस असल्यामुळे मी तेच काम हातानं केलं. सात फंक्शनं उलगडून जॉइनमध्ये बदलायला एक उन्हाळा लागला. उन्हाळ्यात कारखाना बंद असतो, हे बरं झालं.

७. शिकणारं यंत्र मागच्या हंगामाचं शिकतं

२०१८ मध्ये टिम क्रास्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की इंडेक्स म्हणजे 'ही किल्ली कुठे असेल' हे सांगणारं मॉडेलच आहे. मग ते डेटावरून शिकवूनच का घेऊ नये? तिथून मशिन लर्निंगची लाट डेटाबेसमध्ये आली. ओळींचा अंदाज शिकणारी मॉडेलं आली, २०१९ मध्ये अख्खा ऑप्टिमायझरच शिकून घेणारं 'निओ' आलं. मी हे सगळं आशेनं वाचलं.

मग २०२१ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या गटानं सहसंशोधकांसह सरळ प्रश्न विचारला: आपण यासाठी तयार आहोत का? डेटा स्थिर असेल तर शिकलेले अंदाज जुन्या पद्धतींपेक्षा बरेच अचूक असतात, हे त्यांना दिसलं. पण शिकवायला वेळ लागतो, डेटा भराभर बदलला की मॉडेल मागे पडतं, आणि कधी कधी ते साध्या तर्कालाही सोडतं. अट आणखी घट्ट केली तर ओळी कमी व्हायला हव्यात. काही मॉडेलं अंदाज वाढवून देत होती. रात्री दोन वाजता फोनवर मला असं उत्तर नको आहे. आणि नोव्हेंबरातला पहिला पंधरवडा हा तर बदलत्या डेटाचाच नमुना आहे.

या लाटेतलं मला पटलेलं काम म्हणजे रायन मार्कस आणि सहकाऱ्यांचं 'बाओ', तेही २०२१ चं. ते जुन्या ऑप्टिमायझरला हाकलून देत नाही. या क्वेरीसाठी नेस्टेड लूप बंद ठेवू का, हॅश जॉइन बंद ठेवू का, असे मोजके सल्ले त्याच्या हाती असतात. कोणता सल्ला कुठे लागू पडला हे ते प्रत्यक्ष वेळ मोजून शिकत जातं. आमच्याकडे एखादा मुरलेला माणूस हेच करतो. जाणत्याला बाजूला न सारता त्याच्या कानात सांगणारं यंत्र मला चालतं.

८. अंदाजच बांधला नाही तर?

हा प्रश्न बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विचारला गेला. जयंत हरित्सा यांच्या प्रयोगशाळेनं आधी २००५ मध्ये 'पिकासो' नावाच्या साधनानं ऑप्टिमायझरच्या निवडींचे नकाशे काढले. अटी थोड्याथोड्या बदलत गेलं की प्लॅन कुठे कुठे बदलतो, त्याचे रंगीत तुकडे. ते खरोखरच आधुनिक चित्रासारखे दिसतात. नंतर २०१४ मध्ये अंशुमन दत्त आणि हरित्सा यांनी 'प्लॅन बुके' मांडला.

कल्पना अशी. अंदाज सोडून द्या. मोजके प्लॅन आधीच निवडून ठेवा. पहिल्याला एक रुपयाचं बजेट द्या. त्यात काम संपलं तर ठीक, नाहीतर ते थांबवा आणि पुढच्याला दोन रुपये द्या. मग चार, मग आठ. समजा काम आठ रुपयांच्या टप्प्यावर संपलं. एकूण खर्च झाला १ + २ + ४ + ८, म्हणजे १५. चारात ते संपलं नव्हतं, म्हणजे उत्तम प्लॅनलाही चाराहून जास्त लागलेच असते. १५ हे चाराच्या चौपटीहून कमीच. अनिश्चित अट एकच असेल तर उत्तमाच्या चौपटीपलीकडे खर्च जाणारच नाही, अशी ही हमी आहे आणि ती गणितानं सिद्ध केलेली आहे. अनिश्चित अटी वाढल्या की हमी सैल होते, तरी ती हमी असते.

अर्धवट टाकलेलं काम वाया जातं, म्हणून काट्यावरच्या खिडकीत, जिथे गाडीवान पावतीसाठी उभा आहे, तिथे हे मी लावणार नाही. पण तोच तोच मोठा रिपोर्ट दर पंधरवड्याला काढायचा असेल, तर 'सरासरी वेगवान, एखादे दिवशी रात्रभर' यापेक्षा 'नेहमी चौपटीच्या आत' मला केव्हाही हवं. बँकेत यादी न्यायला उभ्या असलेल्या माणसाला सरासरीचा उपयोग नसतो.

९. आधी निवडा, मग शिजवा

तांदूळ शिजवून झाल्यावर खडे कुणी काढत नाही. टेबलं जोडतानाही आधी निवडण्याची रीत मी फार आधीपासून पाळत आले. फक्त वाळवा तालुक्यातल्या आडसाली उसाची बिलं हवी असतील, तर आधी त्या सभासदांचे क्रमांक वेगळे काढायचे, त्यांवरून ऊसनोंद गाळायची, गाळलेल्या ऊसनोंदीवरून काट्याच्या पावत्या गाळायच्या आणि मग तिन्ही जोडायची. असं केलं की कोणतं टेबल आधी जोडलं याला फारसं महत्त्व उरत नाही. मला वाटायचं, हा आपला देशी तोडगा.

प्रत्यक्षात मिहालिस यानाकाकिस यांनी १९८१ मध्ये याचं पूर्ण गणित करून ठेवलं होतं. टेबलांची साखळी स्वतःकडे परत वळत नसेल, तर एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली असं गाळून घ्यायचं. मग उरलेली प्रत्येक ओळ शेवटच्या उत्तरात लागतेच. फुकटचं ओझं कुठे साठत नाही. चार दशकं हे बहुतेक पुस्तकांतच राहिलं, कारण दोनदा गाळण्याचा खर्च जड वाटायचा. २०२४ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या गटानं 'प्रेडिकेट ट्रान्स्फर' मांडताना गाळण्यासाठी ब्लूम फिल्टर वापरला. १९७० चं हे साधन काही बिटांत 'ही किल्ली नक्की नाही' किंवा 'असू शकेल' एवढंच सांगतं, पण फार स्वस्तात. २०२५ मध्ये याचीच अधिक भक्कम रीत डकडीबी नावाच्या डेटाबेसात बसवून, जॉइनचे क्रम मुद्दाम चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून पाहण्यात आलं. साखळी न वळणाऱ्या क्वेरींत वाईट क्रमही चांगल्या क्रमाच्या जवळपास वेळात पुरा झाला. हा निकाल वाचला त्या दिवशी मी काम थांबवून आमच्या टीमला चहाला नेलं आणि तो फळ्यावर समजावून सांगितला.

साखळी वळत असेल तर गोष्ट वेगळी. सभासद, वाहतूकदार आणि मुकादम हे तिघे एकमेकांशी जोडलेले असे त्रिकोण शोधायचे असतील आणि प्रत्येक टेबलात दहा लाख ओळी असतील, तर उत्तर फार तर १०० कोटी ओळींचं असू शकतं. दोन-दोन टेबलं जोडत गेलं तर मधला ढीग वाईट वेळी एक लाख कोटींपर्यंत जाऊ शकतो. ङो, पोरात, रे आणि रुद्र यांनी २०१२ मध्ये तिन्ही टेबलं एकाच वेळी जोडून हा ढीग टाळणारी रीत सिद्ध केली. मला असे त्रिकोण बोगस पावत्या तपासताना एकदाच लागले.

१०. इंजिन वेगवान झालं, तरी गिअर अंदाजच टाकतो

क्वेरी चालवणारं इंजिनही बदललं आहे. गोएट्झ ग्राफे यांच्या 'व्होल्कॅनो'पासून रूढ झालेली रीत म्हणजे प्रत्येक पायरीनं खालच्या पायरीकडे एकेक ओळ मागायची. २००५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एक्स१०० या इंजिननं ओळींचा गठ्ठाच एकदम द्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये म्युनिकच्या नॉयमन यांनी क्वेरीचं थेट यंत्रभाषेत भाषांतर केलं. कोण सरस, यावर २०१८ मध्ये या शेवटच्या दोन्ही रीती एकाच साच्यात बांधून तुलना झाली आणि दोन्ही तुल्यबळ निघाल्या. मी गठ्ठ्यांच्या बाजूची आहे, कारण त्यातली चूक शोधणं सोपं जातं. एका गठ्ठ्यात २०४८ ओळी घेणारा डकडीबी माझ्या लॅपटॉपवर १२ हंगामांचा गोषवारा चहा गार व्हायच्या आत काढतो.

यंत्रभाषेची सोय पोस्टग्रेसमध्येही आली आणि १२ व्या आवृत्तीत ती आपोआप सुरू झाली. अंदाजलेला खर्च एका मर्यादेपलीकडे गेला की ती जागी होते. आवृत्ती बदलल्यावर आमची एक छोटी स्क्रीन अचानक रेंगाळायला लागली. चारच ओळी येत होत्या, अंदाज लाखांचा होता, आणि चार ओळींसाठी दरवेळी यंत्रभाषेत भाषांतर चाललं होतं. त्या स्क्रीनपुरती सोय बंद केली.

११. खरा डेटा कुणाकडे आहे?

२०१५ च्या त्या पेपराचं बळ त्याच्या डेटात होतं. त्याआधीच्या नेहमीच्या चाचण्यांत आकडे यंत्रानं तयार केलेले, सारखे पसरलेले, एकमेकांशी नातं नसलेले. तिथे गुणाकाराचा नियम फारसा चुकत नाही, म्हणून दोष फारसा दिसतही नाही. आता मोठ्या कंपन्यांनाही हे पटलं आहे. २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉननं आपल्या रेडशिफ्ट या डेटाबेसवर खरोखर चालणाऱ्या क्वेरींची माहिती, मजकूर वगळून, संशोधकांसाठी खुली केली.

आपल्या डेटात जे आहे ते त्यांच्याकडे नाही. पाटील आडनावानं अर्धी यादी भरलेली असते. वडगाव डझनभर तालुक्यांत असतं. कराड काही ठिकाणी कऱ्हाड म्हणून नोंदलेलं असतं. पाच महिने टेबलं भरभरून वाहतात आणि सात महिने निपचित पडतात. ऑप्टिमायझरची कसोटी घ्यायला याहून चांगलं मैदान मला माहीत नाही.

मी सांभाळते त्यातल्या एका कारखान्यानं दोन वर्षांपूर्वी ठराव करून १२ हंगामांचा डेटा एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला दिला. नावं, खातेक्रमांक, गटनंबर, फोन सगळे काढून. गावांच्या आणि माणसांच्या जागी अर्थहीन आकडे घालून, पण कोण कशाशी जोडलेलं आहे ती नाती तशीच ठेवून. हे काम नीट करायला मला सहा आठवडे लागले. त्यावर आता चार मुलं काम करतायत. दूध संघ, बाजार समित्या, पतसंस्था, पाणीपट्टी गोळा करणाऱ्या नगरपालिका यांच्याकडे असाच साठा पडून आहे. तुम्ही अशा संस्थेचं सॉफ्टवेअर पाहत असाल तर येत्या बैठकीत संचालकांपुढे हा विषय ठेवा. ओळख पुसण्याचं काम कसं करायचं ते मी येऊन दाखवीन.